चोराला सिम मिळालं, मामाजींचा अंगठा उठला नाही

कंपनीचं नाव लिहीत नाही. प्रकरण सायबर पोलिसांकडे आहे आणि वकील म्हणतात, निकाल लागेपर्यंत नाव काढू नका. आमच्या दारव्हा तालुक्यात तिचे गिऱ्हाईक गंजच आहेत, अर्ध्या गावाकडे तिचंच सिम आहे. रिचार्जचे भाव आणि नेटचा स्पीड यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यात मी भर टाकत नाही. तुमचा नंबर चोराच्या हातात पडला, तर ही कंपनी काय करते, एवढंच सांगते. ती तुम्हाला सांगत नाही. तिच्या स्क्रीनवर सगळं दिसत असतं, तरी सांगत नाही.

नंबर माझ्या सासऱ्यांचा, मामाजींचा. वय बहात्तर, फोन बटनाचा. गावाजवळ टॉवर उभा राहिला तेव्हा घेतलेला नंबर आहे, अजून तोच. बँक, आधार, पीएम किसान, फार्मर आयडी, पीक विमा, गॅसचं बुकिंग, सगळं त्याच दहा आकड्यांना बांधलेलं. सरकारी कापूस खरेदीच्या कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी मी माझ्या फोनवरून केली, पण ओटीपी आला तो मामाजींच्या फोनवर, आणि तो त्यांनी मला वावरातून ओरडून सांगितला. सीसीआयचे, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचे, कापसाचे पैसे नुकतेच खात्यात आले होते, तुरीचेही थोडे होते. मिळून दोन लाखांच्या वर.

दुसऱ्या शनिवारी दुपारी मामाजींच्या फोनवरच्या काड्या गेल्या. आमच्याकडे नेटवर्क जाणं ही काही बातमी नाही. लाईन गेली, की टॉवरची बॅटरी जीव धरेल तोवर धरते, मग सगळं गाव मुकं. पण त्या दिवशी लाईन होती, आणि माझ्या फोनवर, त्याच कंपनीच्या सिमवर, काड्या पूर्ण होत्या. सिम काढून पुसलं, माझ्या फोनमध्ये टाकून पाहिलं, तरी काही नाही. संध्याकाळी कस्टमर केअरला लावला.

आधी मशीन बोललं. मग हिंदीतून एक मुलगा आला, माझ्या आग्रहाने मराठीवर आला. नंबर सांगितला. तो म्हणाला, "ताई, हा नंबर आमच्याकडे चालू दाखवत आहे."

"चालू आहे तर कुठे चालू आहे? इथे तर बंद आहे ना."

"सिम खराब झालं असेल. जवळच्या गॅलरीत जाऊन बदलून घ्या."

मी म्हटलं, तोवर नंबर बंद करून ठेवा. तर म्हणे, मालकाला फोन द्या, खात्री करायची आहे. मामाजींना विचारलं, अलीकडे कोणत्या पाच नंबरांना फोन लावला? मामाजी म्हणाले, "म्या कोठी लावतो बाप्पा फोन? मलेच येतात." शेवटचं रिचार्ज किती रुपयांचं? तेही त्यांना ठाऊक नाही, रिचार्ज मी माझ्या फोनवरून मारते. मी मागून आकडा सांगितला, तर मुलगा म्हणाला, ताई तुम्ही बोलू नका. खात्री झाली नाही. नंबर बंद झाला नाही. वर मेसेज आला, आमच्या सेवेला एक ते पाच गुण द्या.

आता इथे एक नियम सांगायला पाहिजे, जो मला तेव्हा माहीत नव्हता आणि त्या मुलाला माहीत असायलाच हवा होता. सिम बदललं, की नव्या सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस येतही नाहीत आणि जातही नाहीत. दूरसंचार विभागाचा तसा आदेश आहे. म्हणजे चोराने दुसरीकडे कुठे आपल्या नंबरचं सिम काढलं, तरी पहिले चोवीस तास त्याला मेसेजने ओटीपी मिळत नाही. खऱ्या मालकाला कळावं, त्याने धावपळ करावी, यासाठीच ते तास राखलेले आहेत. फोन मुका होणं हाच त्यातला इशारा. शहरात फोन अर्धा तास मेला तर माणूस चमकतो. आमच्याकडे तो दिवसाआड मरतो, त्यामुळे हा इशारा आमच्याकडे अर्धाच पोचतो. तरी आम्ही तो ओळखला, त्याच संध्याकाळी फोन केला, म्हणजे आमचं काम केलं. कंपनीने फक्त एक वाक्य बोलायचं होतं: तुमचं सिम आज दुपारी बदललं गेलं आहे. तेवढं कळलं असतं, तर बँक बंद असली तरी तिच्या टोल फ्रीवर रात्रीच खातं गोठवून घेतलं असतं.

रविवारी सकाळी मामाजींना गाडीवर बसवून तालुक्याच्या गॅलरीत, म्हणजे कंपनीच्या दुकानात, नेलं. गॅलरी छान आहे, एसी आहे, भिंतीवर हसरी जोडपी आहेत. टेबलावरचा पोट्टा चांगला बोलणारा, पण त्याचं अर्धं लक्ष नवीन प्लॅन विकण्यात. सिम बदलायला आधार आणि अंगठा. कागदी केवायसी, म्हणजे कागदांवरून होणारी ओळखीची पडताळणी, १ जानेवारी २०२४ पासून बंद झाली आहे, आता सगळं मशीनवर.

मामाजींचा अंगठा उठेना. रेशनच्या दुकानातही तो एका झटक्यात कधी उठत नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं कापूस वेचला आहे त्या हाताने. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात, वखर-डवऱ्याची मूठ वेगळी. अंगठ्यावर रेषा राहिल्याच नाहीत, जिथे रेषा असायच्या तिथे गुळगुळीत पिवळट चामडी आहे आणि मधून एक जुनी आडवी चीर. पोट्ट्याने ओल्या फडक्याने पुसला. मग कोरडा केला. मामाजींनी सवयीने तो डोक्याच्या केसांवर घासला, रेशनवाल्याने शिकवलेली युक्ती. मशीनचा लाल दिवा लागायचा, विझायचा. डावा अंगठा, मग तर्जनी, मग मधलं बोट. मशीनचं म्हणणं एकच, जुळत नाही.

मी विचारलं, डोळ्याचं मशीन आहे का, चेहऱ्याने होते का? आधार केंद्रात होते म्हणून विचारलं. म्हणे, आमच्याकडे फक्त अंगठाच चालतो, सर्व्हरही स्लो आहे, उद्या या. नंतर कळलं, की सिमच्या केवायसीला अंगठा आणि बुबुळ यांच्याबरोबर चेहराही चालतो, दूरसंचार विभागाने २०२३ मध्येच तशी मुभा दिली आहे. पोट्ट्याला कोणी सांगितलं नसेल. पण नंबर टाकल्यावर त्याच्या स्क्रीनवर सिम बदलल्याची तारीख दिसत होतीच. त्याने ती पाहिली नाही, किंवा पाहून बोलला नाही. निघताना मला म्हणाला, "ताई, घरी वायफाय बसवता का?"

चोवीस तास त्या दुपारी संपले. बाकीचं पासबुकात छापलं आहे: रविवारी संध्याकाळी तीन रकमा, रात्री बारा वाजून गेल्यावर आणखी दोन. एकूण १ लाख ४८ हजार ५०० रुपये.

सोमवारी यवतमाळ गाठलं. तिथल्या गॅलरीतली मुलगी वेगळी होती. नंबर टाकताच थांबली आणि म्हणाली, "काकाजी, हे सिम परवाच बदललेलं दिसते. तुम्ही नाही का बदललं?" दोन दिवसांत त्या कंपनीतल्या कोणीतरी पहिल्यांदा खरं सांगितलं. तिने आधी चोराकडचं सिम बंद करायला लावलं, मग टॅब मामाजींच्या तोंडासमोर धरला. "काकाजी, डोळ्याची पापणी हलवा." मामाजींनी दोन्ही डोळे गच्च मिटले. ती हसली, पुन्हा धरला, झालं. तिचे वेगळे तारे द्यायची सोय असती तर पाचही दिले असते. तिनेच कागदावर १९३० लिहून दिला, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर.

तिथूनच १९३० लावला. घडी-दोन घडीत लागला, बोलणारा पोलीस मराठी बोलला, रकमा आणि वेळा विचारत गेला, तक्रारीचा नंबर दिला. पैसे ज्या खात्यांत गेले तिथे ४३ हजार अडकवता आले, बाकीचे पुढे सरकून गेले होते. हा फोन रविवारी लागला असता तर आकडा कितीतरी वेगळा दिसला असता. मग त्याच बँकेची यवतमाळची शाखा, लेखी अर्ज, पोच म्हणून शिक्का. शिक्का मागून घ्या, साहेब कितीही घाईत असले तरी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, मधल्या कोणाची असेल, आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. आमच्या बाबतीत पैसे गेल्याचा मेसेज पोचला होता, पण चोराला.

बँकेवालेही काही साधे नाहीत. "ओटीपी कोणाला तरी सांगितला असेल, लिंक दाबली असेल." मी मामाजींचा फोन टेबलावर ठेवला. म्हटलं, यात लिंक दाबून दाखवा. दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे, हे त्याच परिपत्रकात आहे, तेही वाचून दाखवलं. दहा कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची असते, ती झाली. निकाल लागेपर्यंत काढता येत नाही, पण खात्यात दिसते.

मी मात्र कंपनीबद्दल लिहायला बसले आहे. तक्रार केली, डॉकेट नंबर मिळाला, आणि तक्रार "निवारण झाली" असा मेसेज आला. काय निवारलं? विचारलं तर म्हणे, तुमचं सिम सुरू झालं ना. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकेकट्या गिऱ्हाईकाची तक्रार हाती घेत नाही, पण तिच्या २०१२ च्या विनियमांमुळे प्रत्येक कंपनीला अपील प्राधिकारी ठेवावा लागतो. तीस दिवसांत अपील करायचं, फी नाही, एकोणचाळीस दिवसांत निकाल यायला पाहिजे. अपिलात मी दोनच गोष्टी मागितल्या: ते सिम कोणत्या दुकानातून दिलं, आणि घेणाऱ्याचा फोटो. सिम देताना समोरच्याचा फोटो काढावाच लागतो, शिवाय १ डिसेंबर २०२३ पासून सिम विकणाऱ्या दुकानदाराचीही नोंदणी आणि पडताळणी सक्तीची आहे. म्हणजे दोन्ही गोष्टी कंपनीच्या कपाटात आहेत.

उत्तर आलं, की सिम विहित प्रक्रियेनुसार दिलं गेलं आहे आणि मागितलेली माहिती गोपनीयतेच्या कारणास्तव देता येत नाही. गोपनीयता कोणाची? नंबर मामाजींचा, आधार मामाजींचं, नाव मामाजींचं. राहिला फक्त चोराचा चेहरा, तो कंपनी जपून ठेवते आहे. मामाजींचं म्हणणं त्याहून सरळ: "माहा अंगठा मलेच नाही चालला, मंग त्याले कोनाचा चालला?" हा प्रश्न मी अपिलात जसाच्या तसा लिहिला होता. त्याला उत्तर नाही. सायबर पोलिसांनी नोटीस पाठवली आहे, तिला कंपनी म्हणते "लवकरच माहिती सादर करू". आमची बंद पडलेली शकुंतला रेल्वेही लवकरच सुरू होणार आहे, वर्षानुवर्षं.

वकील म्हणतात, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याच्या आयटी सचिवांकडे भरपाईचा दावा करता येतो, ५ कोटींपर्यंतचे दावे तिथे चालतात. आमचा फारच लहान आहे, पण कागद जमा करतो आहोत.

नंबर लगेच दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा होता. ते जमलं नाही, कारण १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्ट करता येत नाही. त्यावर मी रागावले नाही. हा नियम नसता तर चोरानेच नंबर दुसरीकडे नेला असता. सात दिवस झाले, पण अपिलाचा निकाल हातात येईपर्यंत मीच थांबले, उगाच "आता तुम्ही आमचे ग्राहक नाही" ऐकायला नको. त्या वेळात दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर मामाजींच्या नावावर किती सिम आहेत ते पाहिलं, आमचं एकच निघालं. बँकेत माझा ईमेल जोडला, म्हणजे पैसे हलल्याची खबर फक्त सिमच्या भरवशावर राहत नाही.

मग १९०० वर पोर्टचा मेसेज टाकला, आणि बाप्पा, कंपनीला आमची आठवण आली! अपिलाच्या काळात एकदाही फोन न करणाऱ्यांनी सकाळ-दुपार-संध्याकाळ फोन. एक बाई फार गोड बोलली. मराठीत, मालकाची खात्री न करता, मी सून आहे हे माहीत असूनही. म्हणाली, काकांसाठी चौऱ्याऐंशी दिवसांचा प्लॅन अर्ध्या भावात देते, रोज दोन जीबी डेटा. बटनाच्या फोनला. मी म्हटलं, मॅडम, डेटा राहू द्या, सिम घेणाऱ्याचा तो फोटो तेवढा पाठवा, आम्ही कुठे जात नाही.

ती म्हणाली, ते आमच्या डिपार्टमेंटमध्ये येत नाही. नंबर त्याच आठवड्यात दुसरीकडे गेला.