व्यसन सज्ञान मुलाचं, पहिली अपॉइंटमेंट आईवडिलांची: ठाणे-नवी मुंबईतल्या सेवांचा आढावा

ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या पट्ट्यात मुलाचं व्यसन लक्षात आलं की आईवडील आधी निवासी केंद्राचा नंबर शोधतात. केंद्र कुठलं, महिन्याचे पैसे किती, न्यायला गाडी येते का, एवढंच विचारलं जातं. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांपुढची असेल आणि उपचाराला तयार नसेल, तर पहिली वेळ आईवडिलांनी स्वतःसाठी घ्यावी. व्यसन त्यांच्या हातात नाही. पण घरातला पैसा, दाराची किल्ली, ऑफिसला सांगितलेलं ‘त्याला ताप आहे’ आणि रात्री दोन वाजता होणारं भांडण, एवढं नक्की त्यांच्या हातात आहे. पुढच्या सगळ्या सेवा आम्ही याच निकषावर तपासल्या आहेत: आईवडिलांच्या हातातल्या गोष्टींना ही सेवा मदत करते का?

सुरुवात फोनने करावी. नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६, हे दोन्ही नंबर टोल फ्री आहेत. फोन लावण्याआधी एका कागदावर लिहून घ्या: काय घेतो, रोज किती, किती वर्षं, शेवटचं कधी घेतलं, कधी फिट आली होती का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. ‘ड्रग्ज घेतो’ एवढ्याने काही कळत नाही. गर्द (हेरॉइनची भुकटी), एमडी (मेफेड्रोन), दारू आणि झोपेच्या गोळ्या यांचे धोके वेगळे आणि औषधंही वेगळी. फोनवरून दिशा मिळते, उपचार होत नाहीत. तेवढीच अपेक्षा ठेवली तर सेवा कामाची आहे.

सरकारी सेवेबद्दल लोकांच्या मनात अढी आहे. ‘ठाण्याला न्यायला हवं’ ही आपल्याकडची जुनी थट्टा, त्यामुळे १९०१ पासूनच्या ठाणे प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या फाटकातून आत जायला घरचे कचरतात. ही अढी महागात पडते. मनोविकारतज्ज्ञ, औषधं आणि केसपेपरवरची नोंद हे सगळं सरकारी ओपीडीत नाममात्र खर्चात होतं. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात शारीरिक तपासण्याही त्याच आवारात होतात. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरकडे आईशी तासभर बोलायला वेळ नसतो, ही कुठल्याही सरकारी ओपीडीची मर्यादा. म्हणून औषधासाठी ओपीडी आणि बोलण्यासाठी वेगळा समुपदेशक, अशी जोडी लावावी.

दारू घरच्या घरी बंद करण्याचा प्रयोग मात्र कुणी करू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भास, ताप, वेळ-जागेचं भान सुटणं असं झालं तर जिवाला धोका असतो. अशा वेळी व्यसनमुक्ती केंद्र शोधत बसू नका, थेट रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. आणखी एक चूक सर्रास होते, ती म्हणजे ओळखीच्या कंपाउंडरला बोलावून घरी ग्लुकोजचं सलाईन लावणं. जुन्या पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१, कमी असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गर्द सोडताना अंगदुखी, जुलाब, नाक गळणं असह्य होतं. त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला जातो आणि साधारण आठवडाभरात उतरतो. तो सहसा जीवघेणा नसतो, खरा धोका नंतर असतो. त्याबद्दल शेवटी.

जेवणात लपून मिसळायच्या गोळीबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण ती सुचवणारे शेजारी प्रत्येक सोसायटीत भेटतात. ती बहुतेक वेळा डायसल्फिराम असते. हे औषध चालू असताना दारू पोटात गेली की थोड्याच वेळात चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. हृदयाचा किंवा यकृताचा त्रास असेल तर जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असा झटका येऊ शकतो. म्हणून हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, शेवटच्या पेगनंतर किमान बारा तासांनी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरू होतं. वरणात कुस्करलेली गोळी हा उपचार नव्हे.

आता आमच्या मते सगळ्यांत मोलाची आणि सगळ्यांत कमी वापरली जाणारी सेवा: कुटुंबासाठीचं समुपदेशन. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था मराठी घरांना ओळखीची आहे. तिथे किंवा इतर कुठेही गेलात तरी एक प्रश्न आधी विचारा: ‘मुलगा येणार नाही, आम्ही दोघंच येऊ, चालेल का?’ उत्तर ‘आधी त्याला आणा’ असं आलं तर दुसरीकडे जा.

नातेवाइकांनाच शिकवून घरच्या माणसाला उपचाराकडे आणायच्या या कामाची क्राफ्ट नावाची एक रीतसर पद्धत अमेरिकेत रॉबर्ट मायर्स यांनी विकसित केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपचाराला नकार देणाऱ्या मद्यपींच्या १३० नातेवाइकांना तीन प्रकारच्या मदतीत वाटलं होतं. क्राफ्ट शिकलेल्यांपैकी ६४ टक्क्यांच्या घरचा माणूस उपचाराला आला. सगळ्यांनी मिळून एकदम समोर बसवून जाब विचारायच्या पद्धतीत ते प्रमाण ३० टक्के होतं, मद्यपींच्या नातेवाइकांची संघटना असलेल्या अल-अ‍ॅनॉनच्या धर्तीवरच्या मदतीत १३. ‘आईवडिलांनी हात झटकून टाकावेत, तो तळाला गेला की आपोआप येईल’ हा सल्ला आम्हाला म्हणूनच पटत नाही.

क्राफ्टच्या साधारण बारा-चौदा बैठकांत शिकायचं काय? आधी एक तक्ता: कुठल्या वारी, कुणाबरोबर, कशानंतर पितो, आणि त्यानंतर घरात काय घडतं. बहुतेक घरांत दिसतं की प्यायल्यावर सगळं घर त्याच्याभोवती जागं असतं आणि शुद्धीत असताना त्याच्याशी कुणी बोलत नाही. हे उलटवायचं. शुद्धीतल्या संध्याकाळी चहा, मॅच, आवडीची भाजी आणि गप्पा. पिऊन आला की भांडण नाही, प्रवचन नाही, दुसऱ्या खोलीत जायचं. उलटी केली तर चादर सकाळी त्यानेच धुवायची. मात्र तो शुद्धीवर येत नसेल, श्वास अडकत किंवा मंद होत असेल, तर कुशीवर वळवून लगेच १०८ ला फोन. तिथे धडा शिकवण्याचा प्रश्नच येत नाही.

उपचाराचं बोलणंही वेळ पाहून करायचं. ‘बाळा, आज बरा दिसतोयस म्हणून बोलते. मंगळवारी अकराला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बाबा आणि मी जाणारच आहोत, तू आलास तर बरं वाटेल.’ एवढंच, दोन-तीन वाक्यं. वेळ आधीच घेतलेली हवी, कारण होकार आला तरी तो एक-दोन दिवसच टिकतो.

पैशांबाबत आमचं मत कडक आहे. रोख रक्कम नाही, यूपीआयचा पिन बदला, दागिने लॉकरमध्ये, जामीन राहणं बंद. फी, औषध, डॉक्टर यांचे पैसे थेट त्या त्या ठिकाणी भरा. ‘एकदाच कर्ज फेडून टाकू’ असं म्हणून मोकळ्या केलेल्या क्रेडिट कार्डावर पुन्हा तेवढीच उधारी चढते. जेवण आणि दवाखाना मात्र कधीही रोखू नका. घरात मारहाण होत असेल तर ११२. आईला कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याचा आधार आहे, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवर न्यायाधिकरण आहे.

अल-अ‍ॅनॉन ही मद्यपींच्या नातेवाइकांची संघटना १९५१ पासूनची. फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही. इथे सल्ला मिळत नाही, समुपदेशकही नसतो, आणि वरचा १३ चा आकडा पाहून तिला नापासही करू नये, कारण मुलाला उपचाराला आणणं हे तिचं काम नव्हेच. जी आई दोन वर्षांत एकाही लग्नाला गेलेली नाही, तिला चार माणसांत मोकळं बसता येणं, हे तिचं काम. निदान सहा सभा केल्याशिवाय मत बनवू नका.

निवासी केंद्राला आधी आईवडिलांनीच, न कळवता, जेवणाच्या वेळी भेट द्यावी. वॉर्ड दाखवायला नकार मिळाला तर तिथूनच परत फिरावं. नोंदणीचं प्रमाणपत्र पाहायला मागा, कारण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार अशा आस्थापनेला नोंदणी लागते आणि दारू-ड्रग्जशी निगडित मानसिक अवस्था त्या कायद्यात येतात. मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री फिट आली तर कुठल्या रुग्णालयात नेतात, हे विचारा. खोल्यांना बाहेरून कडी आहे का, ते पाहा. साखळीने बांधणं आणि एकांतात कोंडणं कायद्याने बंद आहे, आणि रुग्णाला घरी फोन करण्याचा हक्क आहे. ‘पहिले काही आठवडे कुणाशी बोलायचं नाही’ असा नियम सांगणारं केंद्र आम्ही बाद धरतो.

‘आमची चार माणसं येऊन उचलून नेतील’ असं सांगणारंही बाद. स्वतःहून दाखल झालेला सज्ञान रुग्ण जातो म्हणाला तर त्याला सोडावं लागतं. तपासणीसाठी फार तर चोवीस तास थांबवता येतं. त्याच्या संमतीशिवाय दाखल करायचं तर दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा अथवा स्वतःची काळजी घेता न येणं अशी कारणं लागतात. मुदत तीस दिवसांपर्यंत. आईवडिलांची नुसती सही पुरत नाही. जबरदस्तीने नेलेला मुलगा सुटल्यावर डॉक्टर हा शब्दच ऐकून घेत नाही, हा त्यातला मोठा तोटा.

पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या अमली पदार्थाच्या गुन्ह्यात मान्यताप्राप्त ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे, उपचार पूर्ण करण्याच्या अटीवर. आरोग्य विमा मात्र आधी तपासा. बऱ्याच पॉलिसींत व्यसनाचा उपचार ‘एक्सल १२’ या कोडखाली वगळलेला असतो.

डिस्चार्जच्या दिवशी हातात काय मिळतं, यावर केंद्राची खरी परीक्षा. डिस्चार्ज कार्ड, औषधांची नावं आणि डोस, पुढच्या भेटीची तारीख. गर्दवाल्याच्या घरच्यांना एक इशारा तोंडी मिळायलाच हवा: महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडते, आणि पूर्वीचंच प्रमाण पुन्हा घेतलं तर श्वास थांबून मृत्यू होऊ शकतो. घसरण झाली तर ती लपवावीशी वाटू नये, एवढं घर शांत ठेवा. आणि ठरलेल्या तारखेला मुलगा यायला तयार झाला नाही तर अपॉइंटमेंट रद्द करू नका, त्याच वेळेला तुम्ही दोघं जाऊन बसा.