काफ स्टार्टरवर दोन कालवडी दुधावरून तोडल्या : सहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बाटलीवरचं वासरू दुधावरून तोडताना कॅलेंडर बघू नका, घमेल्यातलं स्टार्टर, म्हणजे लहान वासरांसाठीचा दाण्याचा खुराक, किती संपतंय ते बघा. सहा महिने गोळीचं काफ स्टार्टर वापरल्यावर माझं मत असं पक्कं झालंय. वासराला ते द्यावंच, असंही मी मनापासून सांगेन. पण पोतं आणून घमेल्यात ओतलं आणि काम झालं, असं होत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आमचा छोटा गोठा आहे, गाई सगळ्या एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित. गौरी नवरात्रात जन्मली, चांदी दिवाळीच्या तोंडावर. दोघींना चीक पहिल्या दोन तासांत पाजला आणि पुढे बाटली. गाईखाली सोडलं तर वासरू किती प्यालं ते कळत नाही, बाटलीत लिटर डोळ्यांना दिसतो. दोन वेळचं मिळून चार-साडेचार लिटर, अंगाएवढं कोमट, आणि बाटली गाईच्या सडाच्या उंचीला धरायची. निप्पलचं भोक मोठं करू नये. बाटली उलटी धरली की थेंब पडावा, धार लागू नये. घाईच्या वेळी तापल्या सुईनं भोक वाढवतात, मग ठसका लागून दूध फुफ्फुसात जायची भीती असते.

पहिल्या आठवड्यातच स्टार्टर सुरू करायचं म्हटल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "अगं, एवढ्याशा लेकराला पेंड कशी पचंल? दुधावर मोठी होऊ दे की." त्यांची शंका रास्त होती, कारण जन्मताना वासराचं कोटीपोट, म्हणजे चार पोटांतलं पहिलं, लहान असतं आणि त्याचं काम सुरू झालेलं नसतं. वासरू चोखायला लागलं की अन्ननळीच्या टोकाशी एक पन्हळ मिटते आणि दूध कोटीपोट टाळून थेट चौथ्या पोटात उतरतं. म्हणजे कितीही दूध पाजलं तरी कोटीपोट होतं तिथंच राहतं. दाणा मात्र कोटीपोटात पडतो, तिथं जिवाणू त्याला आंबवतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांमुळे आतल्या अस्तराला लव फुटते. पुढे वैरणीचं सत्त्व हीच लव शोषून घेते. नुसत्या चाऱ्यानं पोट ताणतं, पण लव तेवढी वाढत नाही. गावात पोट सुटलेली आणि बरगड्या वर आलेली वासरं दिसतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना दाण्याआधी चारा मिळालेला असतो.

सुरुवात अशी केली. बाटली संपली तरी वासराची चोखायची ओढ संपत नाही. नेमकं तेव्हाच चिमूटभर गोळ्या तोंडात सारायच्या. गौरी जिभेनं त्या इकडून तिकडे फिरवायची, निम्म्या खाली पाडायची, मग नाकाला चिकटलेली एखादी चाटून घ्यायची. गोळीला मळीचा गोड वास असतो, त्याचा फायदा होतो. घमेल्यात रोज मूठभरच टाकायचं आणि सकाळी उरलेलं काढून मोठ्या कालवडींना द्यायचं. लाळेनं भिजलेल्या शिळ्या गोळीला वासरू तोंड लावत नाही. पहिले दोन आठवडे काहीच खात नाही असं वाटतं, तिथं धीर सोडू नये. मग एका सकाळी गोठ्यात गेलं की गोळ्या फोडल्याचा कुरुमकुरुम आवाज येतो. महिन्याच्या आसपास गौरी उन्हात बसून रवंथ करताना दिसली आणि आत्याबाईंनी पेंडीचा विषय परत काढला नाही.

पोत्यावर लिहिलेलं नसतं आणि सगळ्यात जास्त महत्त्वाचं असतं ते पाणी. दूध कोटीपोटात जातच नाही, त्यामुळे तिथल्या जिवाणूंना पाणी वेगळं लागतं. दूध पितंय म्हणून पाणी नको, ही समजूत आमच्याकडे घरोघरी आहे. एक किलो स्टार्टरमागे साधारण चार लिटर पाणी धरतात. पाण्याची बादली घमेल्यापासून हातभर लांब ठेवा. शेजारी ठेवली तर वासरू तोंडातल्या गोळ्या पाण्यात सांडतं आणि ओलं तोंड गोळ्यांत घालतं, दोन्ही नासतं. पाणी स्वच्छ आणि भरपूर असलं की खाणं वाढतं. हा फरक मला चांदीच्या बाबतीत चार दिवसांत दिसला.

आता तोडायचं कधी? सलग तीन दिवस रोज किलोभर स्टार्टर खाल्लं की वासरू तयार झालं. गौरी नवव्या आठवड्यात त्या मापाला आली. चांदीला अकरावा उजाडला, कारण तिच्या वेळी थंडी कडक होती आणि मध्ये तिला हगवण लागून गेली होती. तारीख धरून दोघींना एकाच वयात तोडलं असतं तर चांदी खंगली असती. आधी संध्याकाळची बाटली कमी करत बंद केली, मग सकाळची, असा आठ-दहा दिवसांचा उतार ठेवला. पहिल्या दोन रात्री हंबरतात. ऐकवत नाही, पण घमेलं रिकामं होत असेल तर बाटली परत काढू नये. त्याच आठवड्यात शिंगकळ्या जाळणं, जागा बदलणं, लसीकरण असलं काही करू नका, एका वेळी एकच ताण पुरे. शेणाकडेही लक्ष ठेवा. ओल्या जागेत याच वयात रक्ती हगवण उद्भवते. शेणात रक्त दिसलं तर घरगुती उपाय न करता शेण तपासून घ्या.

वजनाला काटा नाही, म्हणून शिंप्याचा टेप. छातीचा घेर इंचात मोजून त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्यापासून माकडहाडापर्यंतच्या इंचातल्याच लांबीनं गुणायचं आणि 660 नं भागायचं, अंदाजे किलो मिळतात. दोन महिन्यांत जन्मवजनाची दुप्पट व्हावी असं धरतात. गौरी तिथं पोहोचली, चांदी दोन-अडीच आठवडे मागून.

तक्रारी आहेत. एका पोत्याच्या तळाला चुरा फार निघाला. चुरा नाकात जातो आणि वासरू शिंकून बाजूला होतं. चाळून तो गाईंच्या आंबोणात टाकला. परतीच्या पावसात तोंड उघडं राहिलेल्या पोत्याला दमट वास यायला लागला, दुकानदारानं ते बदलून दिलं. बुरशीचा नुसता संशय आला तरी वासराला देऊ नये. आता पोतं लाकडी फळीवर, भिंतीपासून सुटं ठेवते. भाव मोठ्या जनावरांच्या पेंडीपेक्षा चढा आहे, तो पहिल्यांदा टोचतो. पण दूध तोडल्यावर ते चार लिटर डेअरीला जायला लागले आणि हिशेब जुळला. दोघी एकत्र असल्यानं दूध कमी करायला लागल्यावर एकमेकींचे कान आणि सड चोखायला लागल्या, हा मात्र स्टार्टरचा दोष नाही. कालवडीच्या कासेला त्यानं पुढे इजा होते, म्हणून बाटलीनंतर अर्धा तास त्यांना वेगळं बांधून समोर गोळ्या ठेवल्या. तेवढ्यावर सवय सुटली.

घरी करता येतं का? येतं. शंभर किलोला मका भरडा 50, सोयापेंड 30, गव्हाचा कोंडा 17, खनिज मिश्रण 2 आणि मीठ 1 किलो, त्यात प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास बसतात. भरडा जाडसर ठेवा, पीठ नको. सरकी पेंड आपल्याकडे हाताशी असते, पण तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य लहान वासराला झेपत नाही. गाईंच्या काही पेंडींत युरिया असतो, तोही या वयाला चालत नाही. एक-दोन वासरांसाठी एवढी जुळवाजुळव मला परवडली नाही. चार-पाच वासरं असतील तर विचार करा.

चाऱ्यात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून वाळलेली मेथीघास (लसूणघास) मुठीनं दिली. कारखाने सुरू झाले की उसाचं वाढं (हिरवे शेंडे) फुकट नाहीतर स्वस्तात मिळतं आणि तेच सगळ्यांच्या दावणीला पडतं. वासरांना ते घालू नका. वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं आणि याच वयात हाडं भरायची असतात.

सध्या दोघी वाढीच्या खुराकावर, कडबा कुट्टीवर आणि थोड्या हिरव्या चाऱ्यावर आहेत. ब्रुसेलाची (गाभ पाडणाऱ्या रोगाची) लस 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना एकदाच टोचतात, तीही झाली. एकच वासरू असेल तर मोठं पोतं एकट्यानं घेऊ नका, शेजाऱ्याबरोबर निम्मं वाटून घ्या. उघडलेलं पोतं महिन्याभरात संपलेलं बरं. घेताना शिलाई, तयार केल्याची तारीख आणि प्रथिनांचा आकडा बघा, आणि मूठभर गोळ्या हातावर घेऊन वास घ्या.