थर्ड पार्टी झूम लेन्स: सिग्मा की टॅमरॉन, हा दुसरा प्रश्न

कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सला कंटाळलेला माणूस कॅमेऱ्याच्या दुकानात शिरला की त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो: सिग्मा घेऊ की टॅमरॉन? दुकानदार जे शिलकीत असेल ते पुढे सरकवतो आणि व्यवहार होतो. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही ज्याचे फोटो काढता, ते थांबतं का?

कारण या थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांसाठी लेन्स बनवणाऱ्या, कंपन्यांची काच कच्ची नसते. टॅमरॉन १९५० पासून आणि सिग्मा १९६१ पासून भिंगांच्याच धंद्यात आहेत, दोन्ही जपानी. अडचण असते ती ऑटोफोकसची. बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि लेन्स आपसात कसं बोलतात हे कॅनन आणि निकॉन यांनी डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या, काळात बाहेरच्यांना कधी उघड करून सांगितलं नाही. बाहेरच्या कंपन्यांनी ते उलगडून काढलं आणि त्यावर आपली लेन्स बेतली. त्यामुळे पैसे वाचतात त्याची किंमत बहुतेक वेळा फोकसमध्ये मोजावी लागते: जरा उशिरा लागतो, अंधारात चाचपडतो, कधी डोळ्याऐवजी कानावर बसतो. देऊळ, डोंगर, फुलं, ऐटीत बसलेले आजोबा हे तुमचे विषय असतील तर थर्ड पार्टी लेन्स म्हणजे चक्क फायद्याचा सौदा. धावणारं पोर आणि उडणारा पक्षी असेल तर निवडून घ्यावी लागते.

पुढचं सगळं कॅनन १५०० डी, २०० डी किंवा निकॉन डी ३५००, डी ५६०० अशा लहान सेन्सरच्या बॉडी असणाऱ्यांसाठी आहे.

निकॉनवाल्यांनी आधी मोटर बघावी

निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नाही. डी ९० किंवा डी ७००० मालिकेत ती आहे. म्हणजे लेन्समध्ये स्वतःची मोटर नसेल तर तुमच्या डी ५६०० वर ती फक्त हाताने फोकस करता येईल. टॅमरॉनची १७-५० एफ २.८ (१७ ते ५० मिलिमीटर झूमची; एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) निकॉनसाठी दोन्ही प्रकारांत निघाली, आधी मोटरशिवाय आणि मग मोटरसकट. टोकिनाच्या ११-१६ चंही तेच, २००८ ची पहिली आवृत्ती निकॉनसाठी बिनमोटरची आणि २०१२ च्या दुसऱ्या आवृत्तीत मोटर आली. सेकंडहँड घेताना लेन्स उलटी करून माउंटची, म्हणजे कॅमेऱ्यात बसणाऱ्या टोकाची, धातूची कडी बघा. तिथे स्क्रूच्या डोक्यासारखी खाच असलेली छोटी दांडी दिसली तर ती बॉडीच्या मोटरवर चालणारी लेन्स. विकणारा "निकॉनला चालते" म्हणतो ते खोटं नसतं, पण तुमच्या निकॉनला चालते का, हे त्याने सांगितलेलं नसतं. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ही भानगडच नाही, कारण मोटर कायम लेन्समध्येच असते.

१७-५० एफ २.८: तीन पर्याय, एक चांगला

किट लेन्स ५५ ला एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफ २.८ म्हणजे तिच्या चौपट उजेड. मंगल कार्यालयातल्या पिवळट दिव्यांत ज्या आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेला) तुमचा शटर १/३० सेकंदावर अडकत होता, तिथे तो १/१२५ वर जातो. अंतरपाट खाली येतो, दोन्हीकडून हार वर जातात, कोणीतरी नवऱ्याला उचलून धरतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं आणि १/३० ला त्यात फक्त हातांचे पुसट पट्टे मिळतात. घरच्या लग्नात फोटो काढायची जबाबदारी ज्याच्यावर येते त्याने पहिली लेन्स हीच घ्यावी.

तीन नावं समोर येतील. टॅमरॉनची साधी १७-५०, म्हणजे स्टेबिलायझर नसलेली, २००६ ची. टॅमरॉनचीच व्हीसी, म्हणजे स्टेबिलायझरवाली, २००९ ची. आणि सिग्माची १७-५० ओएस, तीही स्टेबिलायझरवाली, २०१० ची. साधी टॅमरॉन साडेचारशे ग्रॅमच्या आत, फिल्टर ६७ मिलिमीटरचा. बाकी दोघी पावणेसहाशेच्या घरात. फिल्टर व्हीसीला ७२ चा आणि सिग्माला ७७ चा. फिल्टरच्या आकाराकडे दुर्लक्ष करू नका, चांगला ७७ चा पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) खिसा बराच हलका करतो.

साधी टॅमरॉन चित्राला खणखणीत आहे. मधला भाग एफ २.८ लाही धारदार, आणि कोपरे तिच्या व्हीसी बहिणीपेक्षा बरे. पण फोकस करताना घर्रर्र असा आवाज करते, तो शांत विधीत चार माना वळवण्याइतका ऐकू येतो. व्हिडिओत तर तो आवाज हमखास रेकॉर्ड होतो. सिग्माची मोटर तिच्याहून शांत आहे, फोकस जास्त भरवशाचा आणि स्टेबिलायझर कामाचा. तिघींतही फोकस चालू असताना फोकसची रिंग फिरते, त्यामुळे तिथे बोट टेकवून ठेवायची सवय असेल तर मोडावी लागेल.

आता स्टेबिलायझरचं खरं काम समजून घ्या. तो तुमचा हात स्थिर धरतो, समोरच्याचा नाही. गाभाऱ्यातल्या समईच्या उजेडात मूर्तीचा फोटो १/१५ ला हातात धरून निघेल, तो स्टेबिलायझरच्या जोरावर. हार घालणारे हात १/१५ ला पुसटच येणार, स्टेबिलायझर असो नसो. म्हणून केवळ "व्हीसी आहे" या कारणासाठी टॅमरॉनची महागडी आवृत्ती घेण्यात मला अर्थ दिसत नाही. बजेट ताणता येत असेल तर सिग्मा, नसेल तर साधी टॅमरॉन. मधली तेव्हाच, जेव्हा सिग्मा मिळतच नाही आणि व्हिडिओ करायचाच आहे.

ज्यांना लग्नं नकोत, भटकंती हवी, त्यांनी सिग्माची १७-७० एफ २.८-४ काँटेम्पररी बघावी. एफ २.८ फक्त १७ ला मिळतो आणि ७० पर्यंत जाता जाता एफ ४ होतो. पण सेन्सरपासून २२ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाऊन फोकस करते. कासच्या पठारावरची नखाएवढी फुलं वेगळी मॅक्रो लेन्स न घेता काढायची तर हिच्यासारखी दुसरी नाही. (वाटेवरच बसून काढा. फुलांवर आडवं पडून फोटो काढणाऱ्यांविषयी बोलायला ही जागा नव्हे.) शिवाय ती सिग्माच्या यूएसबी डॉकवर (लेन्स कॉम्प्युटरला जोडणाऱ्या उपकरणावर) बसते, म्हणजे फोकस पुढे-मागे पडत असेल तर घरच्या घरी सुधारता येतो. १७-५० ला डॉक चालत नाही, आणि निकॉनच्या डी ३०००-५००० मालिकेत किंवा कॅननच्या स्वस्त बॉडीत फोकसची ही दुरुस्ती मेन्यूतही नसते. म्हणून १७-५० घेताना दुकानातच परीक्षा घ्या.

ती अशी. टेबलावर वर्तमानपत्र पसरा, कॅमेरा तिरका धरा, ५० ला झूम करा, एफ २.८ ठेवा. मधल्या फोकस बिंदूने एका मथळ्यावर फोकस धरा आणि फोटो काढा. मग स्क्रीनवर मोठा करून बघा की सगळ्यात ठसठशीत ओळ तीच आहे, की तिच्या चार ओळी अलीकडची. तीन-चार वेळा पुन्हा फोकस लावून काढा. प्रत्येक वेळी एकाच बाजूला चुकत असेल तर तो नग परत करा आणि दुसरा मागा. दर वेळी वेगळीकडे चुकत असेल तर मात्र दुसऱ्या नगाकडूनही फार आशा नको. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढताना, हीच लेन्स अचूक फोकस करेल, कारण तिथे मोजमाप थेट सेन्सरवर होतं. त्यामुळे दुकानदाराने लाइव्ह व्ह्यू लावून "बघा, ठीक आहे" म्हटलं तर मान डोलवू नका.

एकाच लेन्समध्ये सगळं

टॅमरॉनची १८-४००, २०१७ ची, सातशे ग्रॅमच्या थोडी वर. प्रवासात लेन्स बदलायची नाही, बायकोमुलांना ताटकळत ठेवायचं नाही, हे उद्दिष्ट असेल तर उत्तम. ४०० ला एफ ६.३ आणि चित्र मऊ. पक्ष्यांसाठी म्हणून ही घेऊ नका.

७०-३००: इथे कंपनीचीच बरी

सगळ्यात स्वस्त मिळणारी थर्ड पार्टी टेलिझूम (लांबचं जवळ आणणारी लेन्स) म्हणजे स्टेबिलायझर नसलेली ७०-३०० मॅक्रो. टॅमरॉननेही काढली, सिग्मानेही. ३०० ला फांद्यांच्या कडांना जांभळी किनार येते, फोकस रेंगाळतो आणि हात स्थिर ठेवायला काही मदत नाही. त्याऐवजी कॅननची ५५-२५० एसटीएम घ्या, ३७५ ग्रॅमची आणि स्टेबिलायझरसकट. टॅमरॉनची ७०-३०० व्हीसी यूएसडी (२०१०) मात्र वेगळ्या जातीची आहे. शटर अर्धा दाबला की व्ह्यूफाइंडरमधलं चित्र जागीच चिकटल्यासारखं थांबतं. वजन ७६५ ग्रॅम.

पक्ष्यांसाठी: १००-४०० की १५०-६००

भिगवणला उजनीच्या पाण्यात नावेत बसलात की ट्रायपॉडचा उपयोग नसतो. नाव बसकी, नावाडी वल्ही मारतोय, अग्निपंखांचा थवा लांब उथळात आणि मध्येच नदी सुरय डोक्यावरून सूर मारतो. इथे वजन आणि फोकसचा वेग, दोन्ही लागतात.

२०१७ मध्ये दोघांनीही १००-४०० काढली. टॅमरॉन एफ ४.५-६.३, सिग्मा एफ ५-६.३. ४०० ला दोन्ही सारख्याच अंधाऱ्या. दोन्ही अकराशे-बाराशे ग्रॅमच्या मधे, दोन्हींना ६७ चा फिल्टर. फरक एवढाच की टॅमरॉनला ट्रायपॉडची कडी वेगळी विकत घेऊन लावता येते, सिग्माला ती सोयच नाही. नावेत याने काही अडत नाही, घरामागच्या झाडावर तासभर लेन्स रोखून बसणाऱ्याचं अडतं. सिग्मा पुढचा भाग धरून ओढून-ढकलूनही झूम होते, तेही हातात धरून काढणाऱ्याच्या सोयीचं.

कॅननच्या लहान सेन्सरवर ४०० म्हणजे मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरवरच्या ६४० सारखं दिसतं, निकॉनवर ६०० म्हणजे ९००. आकडा ऐकून सगळे ६०० कडे धावतात. पण उजनीच्या पाण्यावर दहानंतर हवा थरथरायला लागते, लांबचा पक्षी कुठल्याच लेन्सने स्वच्छ येत नाही. ६०० चा फायदा आहे तो छोट्या, जवळ येऊ न देणाऱ्या पक्ष्यासाठी.

तरी ६०० च हवी असेल तर लढत सिग्माची १५०-६०० काँटेम्पररी आणि टॅमरॉनची १५०-६०० जी-टू (दुसरी पिढी, २०१६) यांची. सिग्मा १९३० ग्रॅम, टॅमरॉन २०१०. हा फरक हाताला कळत नाही. कळतात ते दुसरेच फरक. टॅमरॉनचा पाय ट्रायपॉडच्या आर्का-स्विस पद्धतीच्या हेडवर थेट बसतो, वेगळी पट्टी लागत नाही. तिची झूम रिंग पुढे सरकवली की कुठल्याही लांबीला कुलूप लागतं, त्यामुळे चालताना नळी खाली घसरत नाही. २.२ मीटरवर फोकस होतो, सिग्माचा २.८ वर. सिग्मा साधारणपणे स्वस्त पडते, आणि डॉक लावून तिच्या फोकसचा वेग आणि स्टेबिलायझरची वागणूक बदलून बटणावर साठवता येते. झूम फिरवायची दिशाही बघा: सिग्मा कॅननसारखी फिरते, टॅमरॉन निकॉनसारखी. ज्याचा हात वर्षानुवर्षं एका दिशेला वळला आहे त्याचा पक्षी या एका कारणाने निसटतो. मी कॅननवाल्याला सिग्मा सांगेन आणि निकॉनवाल्याला टॅमरॉन.

निकॉनवाल्याला आधी मात्र निकॉनचीच २००-५०० एफ ५.६ (२०१५) सांगेन. २३०० ग्रॅम, म्हणजे जड. पण ५०० ला एफ ५.६ राहते, आणि ताडोब्यात पहाटेच्या फेरीत झाडीखालच्या उजेडात तो थोडासा फरकही मोलाचा असतो. फक्त डी ९० सारख्या जुन्या बॉडीवर तिचं अ‍ॅपर्चर चालत नाही.

६०० ला एफ ६.३ वर दोन्ही थर्ड पार्टी लेन्स किंचित मऊ आहेत, एफ ८ केलं की सुधारतात. मग उडत्या सुरयसाठी १/२००० हवा, आणि कोवळ्या उन्हात आयएसओ १६०० च्या वर सहज जातो. हे गणित ज्याला झेपत नसेल त्याने १००-४०० घेऊन नावाड्याला थोडं जवळ न्यायला सांगावं, पण थवा उठेल इतकं नव्हे. सेकंडहँडमध्ये "सिग्मा १५०-६००" एवढंच लिहिलेलं असेल तर कुठली ते विचारा. स्पोर्ट्स आवृत्ती २८६० ग्रॅमची आहे आणि फिल्टर १०५ चा.

सेकंडहँड घेताना

२०२० नंतर कॅनन-निकॉनने नवा डीएसएलआर आणलेला नाही. लोक मिररलेसकडे (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे) वळतायत आणि चांगल्या लेन्स बाजारात येतायत, मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारापासून गावोगावच्या स्टुडिओवाल्यांपर्यंत. मोबाइलचा टॉर्च मागून मारून पुढून बघा. काचेच्या आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणात, मुंबईत पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये ती हटकून बघावी. चार-दोन धूळकण चालतात, बुरशी अजिबात नाही.

कॅननवर सिग्माची जुनी लेन्स घेताना एफ ८ ला एक फोटो काढाच. फिल्मच्या काळातल्या कितीतरी सिग्मा डिजिटल बॉडीवर पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला गुपचूप फोटो देतात आणि अ‍ॅपर्चर बंद करायची वेळ आली की एरर दाखवतात.

पुढेमागे मिररलेस घ्यायचा विचार असेल तर कॅननच्या ईएफ माउंटच्या लेन्स अडॅप्टरवर बहुधा नीट चालतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे ती खाचेची दांडी असलेली लेन्स तिथे हातानेच फोकस करावी लागेल. टॅमरॉनच्या काही लेन्सना एफटीझेडवर चालण्यासाठी फर्मवेअर (लेन्समधलं सॉफ्टवेअर) बदलावं लागलं, तेव्हा जी-टू जुनी घेताना विकणाऱ्याकडे ते झालंय का, एवढं विचारून घ्या.