भूतानची प्राडो आणि अक्कलखाती जमा ९,४१,००० रुपये

मागच्या रविवारी आमच्या गल्लीतल्या एका पोराने मोबाईल पुढे केला. "काका, तुम्हाले गाड्यांमधलं समजते ना, पाहा बरं हे." फोटोत पांढरी टोयोटा प्राडो, मागे पत्र्याचं गोडाऊन आणि डाव्या कोपऱ्यात झाकण फुटलेला निळा ड्रम. गाडी नाही, तो ड्रम मी आधी ओळखला. मार्च २०२५ मध्ये बंगाल-भूतान सीमेवरच्या जयगावला त्याच ड्रमावर बसून मी चहा प्यायलो होतो, ५,००,००० रुपये आरटीजीएस करायच्या आधी.

पोराने आदल्याच दिवशी ५१,००० टोकन टाकलं होतं. तिथेच ओट्यावर बसून १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावला, तक्रार नोंदवली, नंबर घेतला. पैसे अडकले की गेले ते अजून कळलेलं नाही. पण त्याच्यामुळे हे लिहितोय, नाहीतर कुणाला सांगायची इच्छा नव्हती. माझ्या सासऱ्यांना अजूनही वाटतं की गाडी गॅरेजला आहे.

लाज दुप्पट आहे, कारण मी एका पतसंस्थेत एकोणीस वर्षं वाहनकर्जाच्या फायली तपासतो. लोकांच्या आरसीवर बोट ठेवून "हे काय आहे?" विचारणं ही माझी रोजी-रोटी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आता म्हणाल, हाव कशाला? हावच होती, पण साधी. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा, आमचे शनिवार-रविवार तिकडेच जातात. प्राडो इथे जुनी बघायला गेलं तरी भाव ऐकून माणूस परत फिरतो. मानकापूरकडच्या एका गॅरेजवाल्याच्या ओळखीतून हा माणूस भेटला. तो म्हणाला, भूतानमध्ये साहेब लोक गाड्या लवकर बदलतात, थंड हवेत इंजिन ताजं राहतं, २०१४ चं मॉडेल सगळं मिळून आठ-सव्वाआठ लाखांत दारात. आणि ड्यूटी? "सर, इंडिया-भूतान फ्री ट्रेड है, १९७२ से."

हे खोटं नाही, हीच तर गंमत. भारत-भूतान व्यापार करार १९७२ चाच आहे, २०१६ मध्ये नव्याने झाला, आणि मुक्त व्यापाराचंच त्यात म्हटलंय. मी शोधून वाचलं, खरं निघालं, आणि माणूस खरा वाटायला लागला. फसवणारा सगळंच खोटं बोलत नाही, नव्वद टक्के खरं बोलतो. गाड्याही तिथल्या आपल्यासारख्याच: रस्त्याच्या डावीकडून चालतात, स्टीअरिंग उजवीकडे, मीटर किलोमीटरमध्ये. दुबईची गाडी कुणी गळ्यात घालत असता तर डावीकडचं स्टीअरिंग बघून शेंबडं पोरही सावध झालं असतं. इथे सावध व्हायला डोळ्यांपुढे काही नव्हतं. निदान मी मला असं समजावतो.

जे शोधायला हवं होतं ते शोधलं नाही. परदेशातली वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. ती मुंबई बंदरातूनच यावी लागते. तिकडून निघण्याआधी तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, इथे आल्यावर पुन्हा चाचणी. ड्यूटी गाडीच्या किमतीहून जास्त. म्हणजे अकरा वर्षं जुनी प्राडो जयगावच्या फाटकातून कायदेशीर येऊच शकत नाही. स्वस्त नाही, महाग नाही, येऊच शकत नाही. हे कळायला दहा मिनिटं पुरली असती. मी टायरचा साइज शोधण्यात तीन संध्याकाळी घालवल्या.

मी आंधळेपणाने पैसे पाठवले नाहीत हो. टोकन ५१,००० नागपुरातून टाकलं, पण बाकीचे देण्याआधी स्वतः गेलो. कोलकाता, मग बागडोगरा, तिथून जीपने चार तास. जयगावात पलीकडे भूतानचं कमानीचं दार दिसतं आणि अलीकडे लाल नंबरपाट्यांच्या भूतानी गाड्या बिनदिक्कत बाजार करत फिरत असतात. त्यामुळे गोडाऊनमध्ये लाल पाटीची प्राडो दिसली तर त्यात वावगं काही वाटलं नाही. बॉनेट उघडलं, गाडी चालवली, दरवाजाचं रबर ओढून खालचा रंग पाहिला. चेसिस नंबरची पट्टी नव्या चकचकीत रिव्हेटांनी बसवलेली होती. आजूबाजूला सगळं मातकट आणि ती चारच डोकी चमकतायत. मी बोट लावलं. तो म्हणाला, "सर्व्हिस में निकाली थी." चेसिसची पट्टी सर्व्हिसिंगला कोण काढतं? पण चहा आला होता.

आरटीजीएस ५,००,००० तिथूनच मोबाईलवर केला. मग ‘पासिंग’चे २,४०,००० रोख. आधी १,९०,००० घेतले, ५०,००० दुसऱ्या दिवशी, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे म्हणून. तुकडे केले तरी व्यवहार एकच राहतो आणि बंदी लागतेच, हे मी कर्जदारांना स्वतः सांगत आलोय. ट्रेलरवरून नागपूरला आणायचे ३८,०००. झाले ८,२९,०००. गाडी उतरली तेव्हा तिच्यावर ना लाल पाटी होती, ना दुसरी कोणती. एप्रिलमध्ये चार नवे टायर टाकले, ७२,०००. गाडीला फूल वाहिलं, नारळ फोडला, शेजाऱ्यांना पेढे दिले.

आणि मे महिन्यात आरसी आली.

ती रात्र मला अजून झोपू देत नाही. जेवणाच्या टेबलावर कुरिअरचं पाकीट फोडलं. ईशान्येकडच्या एका राज्याचा नंबर, पहिल्या मालकाचं कुठलं तरी नाव, सोबत माझ्या नावाने सहीचे फॉर्म २९ आणि ३०. बायकोने आरसी हातात घेतली, चष्मा लावला आणि वाचलं, "नोंदणी दिनांक, ऑगस्ट २०१४." मग म्हणाली, "पण तुम्ही तर फोटो पाठवला होता लाल पाटीचा. मार्चमध्ये ही भूतानची होती ना? मग २०१४ पासून इथं कशी?"

मी म्हणालो, "तू राहू दे. तुला त्यातलं कळत नाही."

एकोणीस वर्षांत मी जे एकदाही चुकवलं नसतं, ते तिने पहिल्या ओळीत पकडलं आणि मी तिलाच गप्प केलं. रात्री विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणे, "सर वो बॅकलॉग में चढाया है, सबका ऐसे ही होता है." बॅकलॉग शब्द माझ्या ओळखीचा. जुन्या कागदी रजिस्टरातल्या गाड्या नंतर संगणकावर चढवतात ती नोंद. ओळखीचा शब्द ऐकला की आपण प्रश्न विचारणं सोडतो. मी सोडलं. सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकला, गाडी दिसली, मॉडेल बरोबर, रंग बरोबर. फास्टॅग निघाला, विमा कंपनीने पॉलिसी दिली. सांगा, आम्ही सामान्य माणसांनी याहून काय तपासायचं? (तपासायचं होतं. विम्याचे आणि पीयूसीचे जुने कागद मागायचे होते, माझ्याकडे होते ते दोन्ही २०२५ चेच. अकरा वर्षांत रस्त्यावरच्या गाडीचा एकही जुना विमा नाही. ही रिकामी जागा जिथे दिसेल तिथून पळा.)

जूनमध्ये त्या राज्यातून एनओसी (ना-हरकत पत्र) आली आणि फाईल इथल्या आरटीओत टाकली. एजंटाचे १५,०००. फाईल तीनदा परत आली. पहिल्यांदा चेसिसचा पेन्सिल-ठसा पुसट म्हणून, दुसऱ्यांदा पत्त्याच्या पुराव्यासाठी. तिसऱ्यांदा एका बाबूने, मान वर न करता, सांगितलं, "इम्पोर्टेड आहे ना? बिल ऑफ एंट्री आणा." बस. परदेशातून आलेल्या गाडीचा जन्मदाखला म्हणजे बिल ऑफ एंट्री, कस्टम्सचा कागद. तो नसेल तर बाकी सगळे कागद रद्दी. बाबूला संशय आला होता हे आता कळतं. पण "भाऊ, ही गाडी चोरवाटेची दिसते" एवढं बोलायला त्याच्या जिभेला काय झालं होतं? तीन महिने मला खिडकी क्रमांक चार ते सात फिरवलं.

मग २३ सप्टेंबर २०२५ ला केरळातली बातमी आली. कस्टम्सचं ‘ऑपरेशन नुमखोर’. नुमखोर म्हणजे भूतानच्या झोंगखा भाषेत गाडी. भूतानमधून चोरून आणलेल्या, खोट्या कागदांवर इथे नोंदवलेल्या ३६ गाड्या एका दिवसात उचलल्या. मी ऑफिसात डबा खात होतो, घास तसाच राहिला. घरी येऊन गाडीवर ताडपत्री टाकली, जणू ताडपत्रीने काही झाकलं जाणार होतं.

वकिलाने २५,००० घेतले आणि सल्ला मात्र नीट दिला: स्वतः जाऊन लेखी द्या, विकायचा विचार मनातही आणू नका. विकली असती तर मीही मला फसवणाऱ्याच्याच ओळीत बसलो असतो. ऑक्टोबरात कस्टम्सकडे गेलो, जबाब दिला. साहेबांनी पाणी विचारलं, "स्वतः आलात, चांगलं केलंत" म्हणाले. नोव्हेंबरात त्याच चांगुलपणाने कस्टम्स कायद्याच्या कलम ११० खाली गाडी जप्त केली. पंचनाम्यात लिहिलंय: ‘चार टायर, नवे’. ते माझेच.

आता पोलीस. पाच वेळा ठाण्यात गेलो. पहिल्यांदा: "घटना बंगालची, तिकडे जा." टोकन नागपुरातून गेलंय म्हटलं, तर म्हणे साहेब बंदोबस्तात. हिवाळी अधिवेशन होतं, खरंही असेल. तिसऱ्यांदा नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम १७३ छापून नेलं. गुन्हा कुठेही घडो, खबर कुठल्याही ठाण्याने नोंदवायची असं त्यात स्वच्छ आहे. हवालदाराने ते वाचलं, परत केलं आणि म्हणाला, "मग वकिलालेच लिहू द्या ना एफआयआर." चौथ्यांदा खरा हिरा मिळाला: "गाडी भेटली ना तुमाले? चालवली ना सहा महिने? मंग फसवणूक काहून?" म्हणजे पोलीस म्हणतात गाडी मिळाली, म्हणून फसवणूक नाही, आणि कस्टम्स म्हणते गाडी तुमची नाहीच, तस्करीची आहे. सरकार एकच, फक्त मजले वेगळे. ऑनलाइन तक्रारीवर पंधरा दिवसांनी मेसेज आला, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे’. कुणी केलं, कधी केलं, काय केलं, देव जाणे. १९३० वर माझ्या पैशांसाठी विचारलं तर म्हणे, सात महिने उलटलेत आणि पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. बँकही तेच म्हणाली. ज्या कार्यालयाने ती २०१४ ची नोंद चढवली, तिथे माहितीचा अधिकार टाकला. उत्तर: माहिती उपलब्ध नाही. उपलब्ध कशी असेल, गाडी तेव्हा थिम्फूत होती!

तर जयगाव, सिलिगुडी किंवा कुठूनही कुणी ‘भूतानची’, ‘दूतावासाची’, ‘लष्कराच्या लिलावातली’ म्हणून गाडी दाखवली, तर पहिला प्रश्न बिल ऑफ एंट्रीचा. "बाद में मिलेगा" म्हटलं की उठा, चहासुद्धा संपवू नका. पासिंगचे पैसे रोख मागतो तो नोंदणी करून देत नाही, नोंदणी बनवून देतो. आरसीवरची तारीख आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं जुळत नसेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवा. आणि बायको काही विचारत असेल तर तिला पूर्ण बोलू द्या.

डिसेंबरात त्याच माणसाचा मला मेसेज आला होता, बहुतेक सगळ्यांना एकदम टाकलेला: "सर, फॉर्च्युनर आया है, सिंगल हॅन्ड." तो नंबर आणि मेसेज मी ठाण्यात नेऊन दाखवला, ती पाचवी खेप. "ब्लॉक करून टाका" म्हणाले.

गेल्या महिन्यात कस्टम्सची कारणे दाखवा नोटीस आली. आरसीवर अजूनही ईशान्येकडच्या त्या अनोळखी माणसाचं नाव आहे, आरटीओने माझं चढवलंच नाही. नोटिशीवर मात्र माझं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, पिनकोडसकट पत्ता आणि त्यापुढे ‘वाहनमालक’. उत्तराला तीस दिवस दिलेत, वकील त्याचे वेगळे पैसे घेणार आहे.