न फिरवल्यामुळे : पुण्यातल्या फेरारी ३२८ जीटीएसचा सहा वर्षांचा अनुभव

पेट्रोल पंपावर गाडी उभी केली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ॲव्हरेज किती देते?’ उत्तरही आता ठरलेले आहे. शहराच्या रहदारीत लिटरमागे पाच किलोमीटर, पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर आठच्या आसपास. विचारणारा समाधानाने मान हलवतो, आपल्या स्कूटरकडे प्रेमाने पाहतो आणि निघून जातो. मात्र या गाडीच्या वार्षिक हिशेबात पेट्रोल ही सर्वांत किरकोळ बाब आहे, आणि खरा खर्च ती घराखाली नुसती उभी असताना होतो, हे समजायला मला दोन वर्षे आणि एक टाळेबंदी लागली. जुनी इटालियन गाडी घेण्याचा विचार करणाऱ्यांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे, तो मुख्यतः त्याच कारणाने.

माझ्या मामेभावाने आणि मी मिळून १९८७ ची ही ३२८ जीटीएस २०१९ मध्ये घेतली. परदेशातून कायमचे परतलेल्या एका कुटुंबाने ती निवास-स्थलांतराच्या सवलतीत मुंबईला आणली होती. स्टिअरिंग उजवीकडे आहे आणि कागदपत्रे स्वच्छ आहेत. भारतात अशी गाडी घेताना आधी कागद पाहावेत, मग इंजिन, आणि रंग सर्वांत शेवटी. आम्ही अर्थातच हे उलट्या क्रमाने केले, पण नशिबाने साथ दिली. शेवटची दहा वर्षे ती एका तळघरात आच्छादनाखाली होती आणि मीटरवर अंतर फारच कमी होते. कमी अंतर म्हणजे चांगली गाडी, हा तेव्हाचा आमचा समज होता.

थोडी वंशावळ सांगणे आवश्यक आहे, कारण कोणती गाडी घ्यावी हा प्रश्न तिच्यावरच ठरतो. १९७५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात पक्क्या छताची ३०८ जीटीबी आली. पिनिनफारिनाकडे लिओनार्दो फिओरावांती यांनी रेखाटलेली ही गाडी आरंभी फायबरग्लासच्या अंगाची होती. दोन वर्षांत तिला पोलादी अंग मिळाले आणि छताचा तुकडा काढता येणारी जीटीएसही आली. २,९२६ सीसीचे आठ सिलिंडरांचे इंजिन आसनांच्या मागे आडवे बसवलेले आणि त्यावर वेबरचे चार कार्बोरेटर, अशी ती रचना होती. १९८० मध्ये धुराच्या नियमांपायी कार्बोरेटरच्या जागी पेट्रोल फवारणारे इंजेक्शन आले आणि शक्ती २१४ अश्वशक्तीपर्यंत घसरली. १९८२ मध्ये प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह देऊन ती २४० वर नेली, आणि १९८५ मध्ये इंजिन ३,१८५ सीसीचे करून २७० अश्वशक्तीची ३२८ फ्रँकफर्टमध्ये सादर झाली. १९८९ पर्यंत ६,०६८ जीटीएस आणि १,३४४ जीटीबी तयार झाल्या. म्हणजे आमची गाडी दुर्मीळ नाही, आणि ती तशी नाही हेच तिचे मोठेपण आहे. कारण संख्या बरी असल्यामुळे सुटे भाग आजही नव्याने तयार होतात.

चालवण्याबद्दल लिहायचे तर पहाटे साडेपाचपासून सुरुवात करावी लागेल, कारण त्यानंतर पुण्यात ही गाडी चालवण्यात अर्थ नाही. किल्ली अर्धी फिरवावी, पंपाची गुणगुण थोडी ऐकावी आणि मग सुरू करावी. ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. थंड इंजिनाला जास्तीचे पेट्रोल देण्यासाठी वेगळा फवारा आहे आणि तो आपले काम जाणतो. त्यानंतर जागेवर उभे राहून घुर्र घुर्र करत शेजाऱ्यांना उठवण्याची गरज नाही, लगेच हळू निघावे. पहिला गिअर नेहमीच्या जागी, म्हणजे डावीकडे वर, नसून डावीकडे खाली आहे, आणि त्याच्या वर रिव्हर्स. गिअरचा दांडा पोलादी पट्टीत कोरलेल्या खाचांतून फिरतो. तेल थंड असताना दुसरा गिअर पडत नाही, ही या गिअरबॉक्सची जगजाहीर सवय आहे, त्यामुळे पहिले तीन-चार किलोमीटर पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जायचे असते. आमच्या घरापासून पौड रस्त्याने भूगावपर्यंत मी दुसऱ्या गिअरला हात लावत नाही. पिरंगुटच्या पुढे कुठेतरी तेलाचा काटा जागा होतो, आणि मग सकाळचा पहिला ‘टक्’ ऐकू येतो, धातूवर धातू टेकल्याचा, कोरडा आणि नेमका. आजच्या गाड्यांत या आवाजाला पर्यायच नाही, असे माझे पूर्वग्रहदूषित मत आहे.

मुळशीच्या पाण्याकडेने ताम्हिणीकडे जाणारा रस्ता, आठवड्याच्या मधल्या वारी, पावसाळा सोडून, हे हिचे खरे घर. कंपनीने सांगितलेला सर्वोच्च वेग ताशी २६३ किलोमीटर आहे, आणि त्या आकड्याचा इथे काडीचाही उपयोग नाही. तिसऱ्या गिअरमध्ये सत्तरच्या वेगाला काटा साडेतीन हजार फेऱ्यांच्या आसपास असतो, आणि तेवढ्यातच सगळे मिळते. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या खाली-वर हालचालीचे फिरण्यात रूपांतर करणारा दांडा, सपाट असल्यामुळे इंजिनाचा आवाज अमेरिकन आठ सिलिंडरांसारखा घोगरा येत नाही. चार-चार सिलिंडरांची दोन इंजिने एका सुरात धावावीत तसा तो वरवर चढत जातो. स्टिअरिंगला पॉवरची मदत नाही, त्यामुळे वाहनतळात हात भरून येतात, पण चाल मिळाली की रस्त्यावरची खडी, ओल आणि डांबराचा बदल तळहाताला कळतो. द्रुतगती मार्गावर मी तिला दोनदाच नेले. तिथे ती कंटाळते, किंवा मी कंटाळतो.

शहरात मात्र ही गाडी म्हणजे शिक्षा आहे, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. पुढच्या चाकाची कमान पायांच्या जागेत घुसलेली असल्याने पेडल डावीकडे सरकलेली आहेत आणि एकमेकांना खेटून आहेत. अरुंद बुटांवाचून गत्यंतर नाही, कोल्हापुरी घालून बसलात तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदमच दाबले जातील. समोरचे दृश्य उत्तम, पण जीटीएसच्या मागच्या बाजूच्या खिडक्यांवर पट्ट्यांची झडप असते, त्यामुळे डावीकडून येणारा दुचाकीस्वार दिसत नाही. पुण्यात डावीकडून दुचाकीस्वार येत नाही अशी वेळ मला तरी माहीत नाही. त्यांतला प्रत्येक तिसरा एका हाताने मोबाईल धरून चित्रीकरण करत असतो, हा आणखी वेगळा ताप. गतिरोधकावर एकेक चाक तिरके चढवावे लागते. आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळच्या गतिरोधकावर हा सोहळा रोज पाहणारे रखवालदार आता हाताने खूण करून मला मार्ग दाखवतात.

आता मूळ मुद्दा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा टाकी अर्धी भरलेली होती, आणि आम्ही दोघांनी गाडीकडे आठ महिने पाहिले नाही. नोव्हेंबरमध्ये ती सुरू झाली, पण ॲक्सिलरेटर दाबला की गुदमरून बंद पडू लागली. यात गाडीचा दोष शून्य, आळस सर्वस्वी आमचा. या इंजिनात बॉशची के-जेट्रॉनिक यंत्रणा आहे, आणि इंधनाचा हिशेब करायला तिला संगणक लागत नाही. इंजिन जितकी हवा ओढते तितकी हवेच्या वाटेवरची एक तबकडी हलते. तिला जोडलेली तरफ इंधन-वितरकातील पोलादी दट्ट्या वर ढकलते, आणि दट्ट्या जितका वर जाईल तितके पेट्रोल आठही नळ्यांतून फवाऱ्यांकडे जाते. हा दट्ट्या आपल्या भोकात इतका नेमका बसलेला असतो की शिळ्या पेट्रोलचा चिकट थर किंवा पाण्याने आलेला गंजाचा एक ठिपकाही त्याला अडवायला पुरतो. आमचा दट्ट्या अडला होता.

एका गॅरेजने इंधन-वितरक पूर्ण बदलण्याचा सल्ला दिला आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मामेभाऊ खुर्चीत बसला. शेवटी नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानदाराकडून एका वयस्कर मिस्त्रींचा पत्ता मिळाला. त्यांनी फेरारी कधी उघडलेली नव्हती. पण हीच यंत्रणा असलेल्या जुन्या जर्मन गाड्या त्यांनी आयुष्यभर केल्या होत्या. त्यांनी वितरक काढला, दट्ट्या हलक्या हाताने सोडवला, स्वच्छ पेट्रोलच्या वाटीत बुडवून दोन बोटांनी गोल गोल फिरवला, उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा बुडवला. हे दीड तास चालले. कुठेही पॉलिश पेपर वापरला नाही, कारण घासला की माप गेले. शेवटी दट्ट्या स्वतःच्या वजनाने अलगद खाली उतरला, तेव्हा ते म्हणाले, “अहो, घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? शाळेत शिकलात ना? यात तुमची ही गाडी घाला.” त्या दिवसापासून दर दहा दिवसांनी किमान तीस किलोमीटर, असा नियम आम्ही पाळतो. त्यानंतर गाडी एकदाही रस्त्यात थांबलेली नाही, आणि देखभालीचा खर्च पहिल्या दोन वर्षांच्या निम्म्यावर आला आहे.

आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने हा नियम अधिकच कडक केला आहे. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि त्या काळच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. आम्ही सगळ्या इंधन-नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या बसवून घेतल्या; जुनी नळी कापली तेव्हा आतून तिचा भुगा बोटाला लागला. इंजिनाच्या डोक्यावरच पेट्रोल वाहते आहे, हे लक्षात घेता हे काम कोणत्याही नव्या मालकाने गाडी घेतल्या घेतल्या करावे. टायरचेही तसेच. नक्षी नवी कोरी दिसत असली तरी कडेवरचे चार अंक पाहावेत. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. आमच्या चकचकीत टायरवर १४ सालाचा शिक्का होता आणि रबर लाकडासारखे झाले होते.

सर्वांत धास्तीचा विषय म्हणजे टायमिंगचे, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणारे, दोन दातेरी पट्टे. एक तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन संपते. अंतर कितीही कमी असो, तीन ते पाच वर्षांनी पट्टे आणि त्यांच्या ताणपुलींचे बेअरिंग बदलावेच लागते. या बाबतीत ३२८ तिच्या पुढच्या ३४८ पेक्षा फारच सोयीची आहे. ३४८ मध्ये या कामासाठी इंजिन खाली उतरवावे लागते; ३२८ मध्ये मागचे उजवे चाक काढून, कमानीच्या आतली झडप सोडवली की पट्ट्यांपर्यंत हात पोहोचतो. आमच्या मिस्त्रींचा तर पोहोचला. मनगटे सोलून निघाली, पण चार दिवसांत काम झाले, आणि पट्टे परदेशातून मागवण्यात जे सीमाशुल्क गेले ते मजुरीच्या जवळपास होते.

सरकारी बाजू थोडक्यात सांगतो. पंधरा वर्षांपुढील गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. आयात केलेल्या चारचाकीसाठी त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ४० हजार रुपये झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढील आयात चारचाकीसाठी ते ८० हजारांवर गेले. शिवाय पर्यावरण कर वेगळा. २०२१ च्या नियमांतील ‘व्हिंटेज’ दर्जा पन्नास वर्षांपुढील गाड्यांना आहे, त्यामुळे तो आमच्या कामाचा नाही. आणि त्या दर्जात रोजच्या वापराला मुभा नसल्याने, माझ्या मते, तो नसलेलाच बरा. विमा घेताना गाडीची किंमत दोन्ही पक्षांनी संमतीने ठरवायची असते, तेव्हा मूल्यांकन हातात घेऊनच बोलणी करावीत. आमच्या पहिल्या विमा प्रतिनिधीने तिची किंमत एका नव्या हॅचबॅकइतकी लिहून आणली होती.

पावसाळ्यात काय करता, असेही विचारले जाते. छताच्या रबरातून पाणी झिरपते, म्हणून भर पावसात बाहेर काढत नाही. पण जुलैतही उघडीप मिळाली की तीस किलोमीटर होतातच. नाहीतर चामड्यावर बुरशी येते आणि उंदीर वायरी कुरतडतात. एका पावसाळ्यात आम्ही हयगय केली आणि दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात झाल्या.

तेव्हा कोणती घ्यावी? कार्बोरेटरची ३०८ आवाजाला सर्वांत गोड, पण चारही कार्बोरेटर एका तालात ठेवणारा कान जवळपास असला पाहिजे. १९८० ते ८२ ची इंजेक्शनवाली दम कमी म्हणून स्वस्त असते आणि ती तशीच राहू द्यावी. पुण्यातल्या माणसाने, जवळ चांगला मिस्त्री असेल तर, ३२८ घ्यावी. आणि दोन गाड्यांत निवड करायची झाली तर कमी चाललेली सोडून, नियमित चाललेली आणि प्रत्येक कामाची पावती असलेली घ्यावी. आज पुन्हा घ्यायची झाली तर तळघरातली ती चकचकीत गाडी मी घेणार नाही.

आमचे पुढचे पट्टे २०२७ मध्ये बदलायचे आहेत. मामेभावाचे म्हणणे, सीमाशुल्क वाढण्याआधी आत्ताच मागवून कपाटात ठेवू. मी नको म्हटले आहे. रबर खोक्यातही म्हातारे होते.