वरखालची पूर्ण कवळी: ९ महिन्यांच्या वापरानंतर

वरची कवळी साधारण ३ आठवड्यांत अंगवळणी पडते, खालची मात्र ३ महिने घेते. कवळी बसवायला निघालेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना ही गोष्ट पहिल्याच दिवशी कळायला हवी. नाहीतर दुसऱ्या आठवड्यात "खालची बिघडलेली आहे" असं ठरतं आणि चांगली कवळी डबीत जाऊन पडते.

फरक बनावटीतच आहे. वरची कवळी पूर्ण टाळू झाकते. लाळेचा पातळ थर आणि मागच्या कडेला, कडक टाळू संपून मऊ टाळू सुरू होतो तिथे ठेवलेला बारीकसा उंचवटा मिळून हवा आत शिरू देत नाहीत, म्हणून ती चिकटून राहते. खालची घोड्याच्या नालेच्या आकाराची असते आणि मधोमध जीभ हलत असते. वरचीला टेकायला साधारण २४ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, खालचीला १४च्या आसपास. त्यामुळे खालची कवळी चिकटत नाही. जीभ, गाल आणि ओठ तिला धरून ठेवतात, आणि हे धरणं शिकावं लागतं. तोंड उघडताना जीभ मागे ओढली की खालची लगेच उचलली जाते. आरशासमोर बसा, जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागे टेकवा आणि ते न हलवता तोंड १० वेळा हळू उघडा-मिटा. दिवसातून तीनदा हे केलं की दोन आठवड्यांत फरक कळतो.

नागपुरात कवळीसाठी सोय बरी आहे. मेडिकल चौकाजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, हिंगण्याकडे खासगी दंत महाविद्यालयं आहेत, आणि दवाखाने तर जागोजागी. महाविद्यालयात विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. तिथे खेपा जास्त होतात, पण एकही पायरी गाळली जात नाही. खासगीत ५-६ खेपांत काम होतं. कुठेही गेलात तरी पैसे ठरवताना एक विचाराच: कवळी दिल्यानंतरच्या घासाघाशीच्या खेपा यात धरल्या आहेत का? माझ्या मते दवाखाना निवडताना याच उत्तराला सगळ्यात जास्त वजन द्यावं.

दात काढल्यावर निदान ६ ते ८ आठवडे थांबावं. पहिल्या ३ महिन्यांत हिरडीखालचं हाड सगळ्यात वेगाने झिजतं. घाईने बसवलेली कवळी तेवढ्यातच सैल होते आणि आतून नवा थर देऊन पुन्हा भरावी लागते. माप दोनदा घेतलं जातं. पहिलं ढोबळ असतं, त्यावरून खास तुमच्या जबड्याचा ट्रे बनतो. मग त्या ट्रेच्या कडेला हिरवी कांडी वितळवून लावतात आणि ओठ पुढे काढा, गाल आत ओढा, जीभ बाहेर काढा, गिळा असं करायला लावतात. हे कंटाळवाणं वाटतं, पण कवळीची कड नेमकी कुठे थांबायची ते इथेच ठरतं. कड लांब राहिली तर जखम होते, आखूड झाली तर पकड जाते. एकच माप घेऊन "आठवड्याने या" असं कुणी म्हणालं तर कारण विचारा.

त्यानंतर मेणाचे कठडे घालून वरखालच्या जबड्यांमधली उंची ठरते. तोंड सैल सोडून बसल्यावर वरखालच्या दातांत २ ते ४ मिलिमीटर फट राहायला हवी. उंची जास्त झाली तर बोलताना खटखट वाजतं आणि संध्याकाळपर्यंत जबडा दुखतो. कमी झाली तर तोंड बसल्यासारखं दिसतं आणि ओठांचे कोपरे ओले राहून फाटतात. मेणात दात लावून दाखवतात त्या दिवशी डॉक्टरांसमोर एकसष्टपासून एकोणसत्तरपर्यंत मोठ्याने मोजा. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट म्हणताना दात एकमेकांच्या अगदी जवळ यावेत, पण आपटू नयेत. आपटले तर तिथेच सांगा. त्या दिवशी घरचं कुणीतरी सोबत असावं, जुना हसरा फोटो असावा, आणि दातांचा रंग ट्यूबलाइटखाली न बघता खिडकीजवळच्या उजेडात बघावा. मेणातला दात दोन मिनिटांत सरकवता येतो. कवळी पक्क्या अ‍ॅक्रेलिकची झाली की नाही.

पहिल्या आठवड्यात तोंडाला कवळी म्हणजे घासच वाटतो, म्हणून लाळेचा पूर येतो. थुंकत बसू नका, गिळत राहा, ३-४ दिवसांत ओसरतो. मळमळ होत असेल तर नाकाने श्वास घ्या, थंड पाण्याचे घोट घ्या. आठवड्यानेही तसंच असेल तर मागची कड लांब असू शकते. रोज १५ मिनिटं पेपर मोठ्याने वाचला की स, फ, व सुधारतात.

जखमा होणारच. नेहमीच्या जागा दोन: खालच्या कवळीची जिभेकडची मागची कड, आणि पुढे ओठाची शीर जिथे हिरडीला मिळते ती जागा. म्हणून दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणि आठवड्याने दाखवायला जायचं असतं. इथे बहुतेकांची एक चूक होते. दुखतं म्हणून चार दिवस कवळी काढून ठेवतात आणि तशीच पिशवीत घालून दवाखान्यात नेतात. तोवर खूण गेलेली असते आणि डॉक्टरांना घासायचं कुठे तेच कळत नाही. दुखत असेल तर एखादा दिवस विसावा द्या, पण जायच्या आधी काही तास घालाच. डॉक्टर कवळीच्या आत पांढरी पेस्ट पसरून ती बसवतात आणि दाबतात. काढल्यावर एका ठिकाणी पेस्ट पुसली जाऊन गुलाबी अ‍ॅक्रेलिक उघडं पडलेलं दिसतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. तेवढंच घासलं की दुखणं त्याच दिवशी उतरतं. घरी कानस, ब्लेड, पॉलिश पेपर अजिबात लावू नका. एकदा गेलेली कड परत येत नाही. आणि घासूनही २ आठवड्यांत न भरलेली जखम कवळीची म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्यांनी तर नक्कीच. वर्षानुवर्षांच्या खर्र्याने तोंड कमी उघडत असेल तर मापाचा ट्रेसुद्धा आत जात नाही, म्हणून हे पहिल्याच भेटीत सांगावं.

आता जेवण. कवळीने चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या पाव हिश्श्याच्या आसपासच राहते, त्या हिशेबाने चला. पहिले चार दिवस वरण-भात, मऊ खिचडी, कढी. घास लहान, आणि अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे ठेवून एकदमच चावायचा. एकाच बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलली जाते. पुढच्या दातांनी तोडायचं नाही, वरची मागून सुटते. पोळी महिनाभर वरणात भिजवून, भाकरी झुणक्यात कुस्करून. पोहे आठवड्याभरात जमतात, पण तर्रीतले चणे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापर्यंत बाजूला काढा. सावजी मटण हाडावरून सुटेपर्यंत शिजलेलं असेल तर चालतं, मात्र जखम ताजी असताना तो रस्सा नकोच. मसाल्यातली खसखस आणि खोबऱ्याचा चोथा कवळीखाली हमखास जातो, ताटावरून उठल्याबरोबर कवळी धुवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची संत्री येतात. फोड सालीसकट तोंडात टाकू नका, वरची पातळ साल सोलून, बी काढून नुसता गर खा. खालच्या कवळीखाली अडकलेली एक बी पुढचा घास घेऊ देत नाही. पेरू याहून त्रासदायक, त्याचा बियांचा गाभा काढूनच खावा. ऊस आणि भाजलेलं कणीस सोडून द्यावं लागतं. चहाचंही सांभाळा: टाळू झाकलेला असल्याने चटका घशात गेल्यावरच कळतो.

नागपूरच्या मे महिन्यात वरची कवळी अचानक सैल वाटू लागते. तोंड कोरडं पडलं की पकडच जाते, आणि काही औषधांनीही लाळ कमी होते. घालण्याआधी कवळी ओली करा, दिवसभर थोडंथोडं पाणी प्या. काढलेली कवळी कोरडी ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नाही, आकार बदलतो.

धुताना बेसिनमध्ये पाणी भरून किंवा ओला टॉवेल अंथरून धुवा, हातातून निसटून पडली तरी फुटत नाही. मऊ ब्रश आणि साधा हात धुण्याचा साबण पुरे. टूथपेस्टने बारीक ओरखडे पडतात, उकळत्या पाण्याने कवळी वाकडी होते. बोअरच्या पाण्याने थर चढत असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन २० मिनिटं भिजवा. क्लिनसोडेंटसारखी कवळी साफ करायची गोळी, कवळी तोंडाबाहेर असतानाच वापरायची. रात्री ६-८ तास कवळी पाण्यात आणि हिरडी मोकळी. रात्रंदिवस घातलेल्या कवळीखाली टाळू लाल होतो, तो बहुधा बुरशीमुळे.

नवव्या महिन्यात वरची छान आहे, खालची किंचित सैल. खालचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतं, तेव्हा यात नवल नाही. फिक्सॉन ही कवळी चिकटवायची पावडर ओल्या कवळीवर हलकी भुरभुरवून चालते, पण दिवसातून तीनदा लागायला लागली की आतून भरून घ्यायची वेळ आली समजा. त्यासाठी एखादा दिवस कवळीविना काढावा लागतो. ५ ते ७ वर्षांनी नवा संच. खालची हिरडी अगदीच सपाट असेल तर पुढे हाडात २ इम्प्लांट (कृत्रिम मुळं) बसवून त्यावर अडकणारी कवळी घ्यावी. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानला होता. खर्च बराच वाढतो, पण पैसे घालायचेच तर खालच्यासाठी घाला.

आणि कवळी तुटलीच तर फेव्हिक्विक लावू नका. त्याने तुकडे किंचित सरकून चिकटतात आणि मग डॉक्टरांनाही ते नीट जुळवता येत नाहीत. सगळे तुकडे, अगदी निखळलेला दातसुद्धा, पाण्याच्या डबीत घालून न्या. तडा सरळ असेल तर बहुधा एक-दोन दिवसांत जोडून मिळते.