अ‍ॅनालॉग टीव्ही बंद करताना: एकदम की टप्प्याटप्प्याने?

नेदरलँड्सने ११ डिसेंबर २००६ रोजी देशभरातलं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण एकदम थांबवलं. ते निभावलं, कारण बहुतेक घरांत केबल होती. ब्रिटनने २००७ मध्ये व्हाइटहेवन या गावापासून सुरुवात करून २०१२ पर्यंत प्रदेशवार बदल केला.

एकदम बंद केल्यास अ‍ॅनालॉग आणि डिजिटल अशा दुहेरी प्रक्षेपणाचा खर्च लवकर थांबतो. पण सेट-टॉप बॉक्सचा तुटवडा आणि तक्रारी सगळीकडे एकाच वेळी येतात. टप्प्यांत आधीच्या चुका पुढे सुधारता येतात. मात्र शेजारच्या चालू अ‍ॅनालॉग प्रक्षेपणात अडथळा नको म्हणून डिजिटल सिग्नलची शक्ती कमी ठेवावी लागते, आणि कमकुवत डिजिटल सिग्नलला मुंग्या येत नाहीत, चित्र थेट गोठतं.

अँटेनावरची घरं जास्त असतील तर टप्पेच बरे. वृद्धांच्या घरी जाऊन बॉक्स जोडून, चॅनेल पुन्हा शोधून देण्याची तरतूद मात्र आधीच हवी.